टेकडीवरच्या सात खाचा

देवचंद कापगतेला पाळीला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, पडलेलं भोक बघवत नसे. एकदा भाच्याच्या वरातीत चालताना रस्त्याकडेच्या भातखाचरातून पाण्याची बारीक धार गळताना त्याला दिसली. हा गृहस्थ वरात सोडून धानाच्या बांधीत उतरला, चिखलाचा गोळा उचलून धार बंद केली आणि हात नव्या पायजम्याला पुसत पुन्हा बाजावाल्यांच्या मागं चालू लागला. बांधी कोणाची होती, हे त्याला आजही सांगता येणार नाही.

खैरटोल्यात तो चाळीस वर्षं पाणकर होता. गावतलावाचं पाणी कोणाच्या बांधीला कधी सोडायचं आणि किती सोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. सौंदड स्टेशनापासून आठ-नऊ किलोमीटर आत असलेलं हे गाव कोहळी समाजाचं. कोहळी माणूस तलाव बांधायलाच जन्माला येतो, असं निदान कोहळी तरी मानतात. देवचंदच्या पणज्यानं या तलावाच्या पाळीवर माती टाकली होती आणि ती माती आपल्या हयातीत फुटू द्यायची नाही, एवढंच देवचंदनं आयुष्यात ठरवलं होतं. त्यानं ते पाळलं.

दोन वर्षांपूर्वी तलावाला नवं लोखंडी गेट बसलं. चाक फिरवलं की पाणी सुरू, उलटं फिरवलं की बंद. समितीनं एक तरणा माणूस नेमला आणि देवचंदला शाल-नारळ दिला. शाल कुंदाबाईनं पेटीत ठेवली, नारळाची चटणी केली आणि नवरा घरात बसला. इथून कुंदाबाईचे हाल सुरू झाले. भातात पाणी किती ठेवायचं, न्हाणीचं पाणी कोणत्या बाजूनं काढायचं, तुळशीला तांब्या कसा ओतायचा, सगळं तो बसल्या जागेवरून सांगू लागला. "या माणसाले कोनी तरी एखादा तलाव द्या वो," असं ती शेजारणींना म्हणे, आणि ते थट्टेत म्हणत नसे.

अशात दिवाळीला मुलगी नीतू आली. वय सत्तावीस, नागपूरला विम्याच्या कचेरीत पाच वर्षं नोकरी. ती आली ती नोकरी सोडून, आणि सोबत एक सायकल घेऊन.

सायकलीकडे अख्खं घर बघत राहिलं. मागं कॅरिअर नाही, घंटी नाही, चिखल अडवायला मडगार्ड नाही, इतकंच काय, उभी करायला स्टँडसुद्धा नाही. टायर मात्र लुनाच्या टायरांना लाजवतील असे जाड आणि पुढच्या दांड्यात स्प्रिंगा. कुंदाबाईनं भोवती दोन फेऱ्या मारल्या.

"यावर धानाचं पोतं कुठी ठेवतेत?"

"पोतं नाही ठेवत, आई. ही डोंगरावरून खाली यायची सायकल आहे."

"डोंगरावरून खाली यायले सायकल कायले लागते? देवानं पाय देल्ले नाही काय?"

नीतू हसली. नागपूरला दर रविवारी ती एका टोळीबरोबर रानावनात सायकल चालवायला जायची. आधी छंद होता, मग तो छंद तिच्या सोमवार ते शनिवारातही घुसला. आता तिच्या डोक्यात वेगळंच काही होतं. गावामागं जी बोडकी टेकडी आहे, तिच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत सायकलीसाठी वळणावळणाची पायवाट करायची. नागपूर, रायपूर, गोंदियाहून माणसं येतील, दिवसभर सायकल चालवतील, घरचं जेवतील, आणि तिला पुन्हा नोकरीला जावं लागणार नाही. तिचा मोठा भाऊ गजेंद्र तिरोड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. त्यानं फोनवरच निकाल दिला. "पागल झाली ते."

देवचंद काही बोलला नाही. पोरगी घरी आली याचा त्याला इतका आनंद झाला होता, की बोललो तर तो बाहेर पडेल आणि ती उगाच बांधली जाईल, अशी त्याला भीती होती. म्हणून तो गप्प राहिला आणि नीतूला वाटलं, बाबा नाराज आहेत.

टेकडी ग्रामपंचायतीची. सरपंच गोवर्धन लंजे हा सरळ माणूस, पण सावध. एक मुरमाचा ठेकेदार वर्षभर त्याच्या मागं लागला होता, टेकडी खोदायला द्या म्हणून. त्यानं नीतूला सांगितलं, "सव्वीस जानेवारीले दुपारी ग्रामसभा आहे. त्याच्या आधी एकदा सायकली चालवून दाखव. सगळे धडधाकट खाली आले, तर टेकडी तुले द्यायचा ठराव मी सोता मांडीन. एकाचाही हातपाय मोडला, तर पुन्हा माह्याजवळ येऊ नको. मंग मुरूमवालाच बरा."

नीतू कामाला लागली. एकटीच खणायची. देवचंद रोज टेकडीवर जायचा, पाठीमागं हात बांधून उभा राहायचा आणि परत यायचा. आठ दिवस त्यानं धीर धरला. नवव्या दिवशी त्याच्यानं राहवेना.

"फावडा असा नाही धरत, पोरी. आन इकडे."

त्या दिवसापासून कुंदाबाईच्या भाताला कोणी पाणी सांगितलं नाही.

दोन महिने बापलेक टेकडीवर राबले. नीतू कागदावर वळणं काढायची, देवचंद ती मातीत उतरवायचा. एकूण सात वळणं. वेगात आलेली सायकल वळणावर बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिथं बाहेरच्या अंगाला मातीचा उतरता काठ उचलावा लागतो, हे तिनं त्याला हातानं दाखवून समजावलं.

"म्हंजे पाळ," देवचंद म्हणाला.

"हो बाबा, पाळच समजा."

तिनं असं म्हणायला नको होतं. देवचंदनं तलावातला काळा चिकण गाळ वाहून आणला, थरावर थर दिला, लाकडी धुमसानं चोपला आणि अशा सात पाळी उभ्या केल्या की पणजा पाहायला असता तर त्यानं पाठ थोपटली असती. नीतूनंही थोपटली. तिनं कधी अशी घोटीव वळणं पाहिली नव्हती.

जानेवारीच्या मध्याला ती हेल्मेटं उसनी आणायला आणि सायकलवाल्यांना भेटायला तीन दिवस नागपूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी देवचंद डोळे तपासायला गोंदियाला गेला होता. तेवढ्यात तिनं प्रत्येक वळणाच्या सर्वात खोल जागी काठाला एक खाच पाडली, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. सात वळणांना सात खाचा. बापाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. पाण्यातलं बापाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी देवचंद टेकडीवर गेला. सातही पाळी फुटलेल्या. रानडुकराचं काम, त्यानं ठरवलं, आणि डुकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो गाळाचं टोपलं घेऊन बसला. दोन दिवस खपला. मुंगीला वाट मिळणार नाही अशी एकेक खाच त्यानं बुजवली, चोपली, वरून हात फिरवला. घरी कोणाला काही बोलला नाही. पाळीचं भोक बुजवलं हे काय सांगत फिरायची गोष्ट आहे? नीतू परतली ती पाहुण्यांच्या फोनांत आणि जेवणाच्या सोयीत बुडाली, टेकडीवर जायला तिला फुरसत झाली नाही.

सव्वीस जानेवारी रविवारी होती. शुक्रवारी दुपारी आभाळ काळं झालं आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना दोन तास धो धो पाऊस पडला.

शनिवारी उजाडताच देवचंद टेकडीवर पोचला. सातही वळणांवर गुडघाभर पाणी. सकाळचं ऊन त्यावर चमकत होतं, आणि खरं सांगायचं तर देवचंदच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते भलतंच होतं. एक थेंब गळला नव्हता! साठी उलटलेल्या हातांची बांधणी आणि एक थेंब गळला नव्हता. त्याची छाती फुगली. मग त्याला तिसऱ्या वळणापाशी नीतू दिसली. तिचे बूट चिखलात रुतले होते आणि ती पाण्याकडे बघत उभी होती.

"बाबा, मी इथे खाचा पाडल्या होत्या. पाणी जायला. सातही ठिकाणी."

देवचंदच्या तोंडचं पाणी पळालं. डुकरावर ढकलता आलं असतं. तलावाचा गाळ बसला म्हणता आलं असतं. पण चाळीस वर्षं तो लोकांची पाण्याची भांडणं सोडवत आला होता आणि खोटं बोलणाऱ्याला त्यानं कधी पाणी दिलं नव्हतं.

"मी बुजवलो," तो म्हणाला. "मले वाटलं डुकरानं फोडल्या."

नीतूनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एका दगडावर बसली आणि खिशातून फोन काढला.

"सगळ्यांना सांगते, नका येऊ म्हणून. उद्यापर्यंत हे वाळत नाही."

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली आणि गोवर्धन सरपंच वर चढून आला. त्यानं पहिलं वळण बघितलं, दुसरं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"देवचंदभाऊ, सायकलीची वाट म्हनलो होतो ना गा. तुमी तं सात बोड्या बांधल्या. मच्छी सोडा आता." बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. मग तो गंभीर झाला. "हे पाहा, उद्या एखादा नागपूरवाला इथं पडला तं दुपारी ग्रामसभेत मी कोन्या तोंडानं बोलू? संध्याकाळी पाच वाजता येतो. वाट पक्की दिसली तं ठीक. नाही तं मीच सगळं रद्द करीन. राग मानू नका."

तो गेला. नीतूनं फोनवर पहिलं नाव शोधलं. तिचा अंगठा त्या नावावर थांबला होता, आणि देवचंदला एकदम कळून चुकलं की ही पोरगी उद्या नाही तर परवा पुन्हा सौंदड स्टेशनावर उभी असेल, बॅग घेऊन. विम्याची कचेरी तिला परत घेईल. दिवाळीला चार दिवस येईल. आणि हे सगळं त्याच्या हातानं होईल, त्याच्या चांगल्या बांधणीनं.

"फोन ठेव," तो म्हणाला. "फावडा दे."

नीतूनं आपलाच फावडा उचलला. "मी कापते, बाबा. तुमच्यानं नाही होणार."

"मी बांधलो, मीच कापीन."

बोलणं सोपं होतं. पाळीवर उभं राहून फावडा उचलल्यावर त्याचा हात जो वर थांबला तो खाली येईना. आयुष्यात त्यानं पाळ कापली नव्हती. गावात कोणी चोरून पाळ कापली तर त्या घराशी तो वर्षभर बोलत नसे. त्यानं डोळे मिटले, पणज्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि घाव घातला.

पाणी भसकन् निघालं. आणि खालच्या वाटेत घुसून तिला नांगरासारखं कापत चाललं.

"थांब!" देवचंद स्वतःलाच ओरडला. चिखलाचा गोळा टाकून त्यानं धार बंद केली. आता त्याचे डोळे वेगळे झाले होते. अनवाणी पायांनी तो उतारावर धावत सुटला, वाकून वाकून जमीन बघू लागला, इथं टाच दाबून बघ, तिथं गवत मुठीत धरून बघ. नीतू मागं मागं.

"वरून नाही कापायचं. वरून कापलं तं सगळं खाली येते अन् तुही वाट वाहून जाते. खालून सुरू करू. सातवी आधी, मंग सहावी. अन् पानी वाटेवर नाही येऊ द्यायचं. परतेकाची वेगळी नाली, बाजूनं, गवतातून. पायथ्याची जुनी बोडी कोरडी आहे, सगळं तिच्यात जाईन." तो थांबून श्वास घेत म्हणाला, "अवो, पानी अडवनाऱ्याले पानी कुठून जाते हे ठाऊक असतेच ना. नाही तं अडवीन कसा?"

नीतूनं फोन खिशात टाकला.

खालून वर एकेक वळण मोकळं होत गेलं. पण पाणी गेलं तरी गाळ उरला, लोण्यासारखा निसरडा. तो खरवडून काढायचा, त्या जागी टेकडीचाच लाल मुरूम भरायचा आणि चोपायचा. दोघांचं हे काम नव्हतं. देवचंद टेकडीच्या टोकावर उभा राहिला आणि तलावापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं बायकोला हाक मारली.

कुंदाबाईच्या अंगणात बचत गटाच्या अकरा बायका उद्याच्या जेवणासाठी तांदूळ निवडत बसल्या होत्या. काय झालं ते ऐकल्यावर तिनं पदर खोचला. "माह्या नवऱ्यानं भोकं बुजवली म्हंते. बुजवीनच. दुसरं काय येते त्याले! चला वो, घमेली घ्या." बारा बायका, बारा घमेली, आणि टेकडीवर पोचल्यापासून देवचंदवर टोमण्यांचा जो पाऊस पडला तो कालच्यापेक्षा मोठा होता. तो निमूट ऐकत मुरूम चोपत राहिला.

दुपारी गजेंद्र तिरोड्याहून आला. पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट. तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला.

"म्हनलो होतो ना मी? नागपूरची नोकरी सोडून मातीत..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं. चौथ्या वळणावर नीतू कोपरापर्यंत मातीत होती, आई डोक्यावर घमेलं घेऊन चढत होती आणि बाप धुमस उचलताना एका हातानं कंबर धरत होता. गजेंद्रनं बूट काढून एका दगडावर नीट ठेवले. "बाबा, सरका. तो धुमस माह्याजवळ द्या."

ऊन चांगलं पडलं होतं. चारपर्यंत सातही वळणं झाली, पाहिलं तर काठ जसेच्या तसे उभे, मधली वाट लाल आणि टणक, आणि प्रत्येक खोल जागी एक मोकळी खाच.

पाचला गोवर्धन टेकडीच्या माथ्यावर आला. त्यानं चपलेच्या टोकानं माती दाबून पाहिली. दबली नाही. "दिसते तं बरी," तो डोकं खाजवत म्हणाला. "पन सायकलीचा जोर आला म्हंजे?"

नीतू हेल्मेट उचलायला वाकली. देवचंदनं ते आधी उचललं.

"आमच्या घरी रीत आहे," तो म्हणाला. "पाळ बांधली का तिच्यावरून पयले बांधनारा चालते. मंग गाव."

"बाबा, चालत जा ना मग!"

"सायकलीची वाट आहे. चालून काय समजन?"

"अवो गजूचे बाबा," कुंदाबाई कडाडली, "एकसष्टावं लागलं तुमाले! हाडं कोन जोडन?"

पण तो हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवत होता. आणि एक गोष्ट त्या सगळ्यांच्या लक्षातच आली नव्हती. तलावाच्या दीड हात रुंद पाळीवरून, खांद्यावर फावडा टाकून, एका हातानं सायकल चालवत हा माणूस चाळीस पावसाळे फिरला होता. त्याला कोणी कधी हेल्मेट दिलं नव्हतं आणि कोणी टाळी वाजवली नव्हती, एवढाच काय तो फरक.

"ब्रेक दोन बोटांनी," नीतू घाईघाईनं सांगू लागली. "एकदम नका दाबू. वळणावर चाकाकडे नका बघू, जिकडे जायचं आहे तिकडे बघा."

त्यानं मान हलवली, नीतूच्या सायकलीवर टांग टाकली आणि पाय उचलला.

सायकल त्याच्या जुन्या सायकलीसारखी खडखडत नव्हती, ती मऊ मऊ उड्या मारत खाली धावत होती, आणि ते त्याला जास्त भयंकर वाटलं. वळण आलं. त्याला चाकाकडे बघायचा फार मोह झाला. त्यानं दूर, वाटेच्या पुढच्या तुकड्याकडे बघितलं. चाक काठावर चढलं, सायकल आडवी झाली, आता गेलो असं त्याला वाटलं, आणि त्याच्याच हातांनी चोपलेल्या पाळीनं त्याला अलगद धरून परत वाटेवर सोडलं. त्याला कळेना आपल्याला काय झालं. दुसऱ्या वळणावरही तेच. तिसऱ्यावर त्याला कळलं. त्यानं आयुष्यभर पाळी बांधल्या होत्या, पण पाण्याला तिथं कसं वाटत असेल हे त्याला आज समजत होतं. चौथ्या वळणावर त्याच्या तोंडून आरोळी निघाली. पाचव्यावर त्यानं ब्रेकवरची बोटं सोडली. वरून कुंदाबाई ओरडली, "हळू वो!" आणि सहावं, सातवं वळण कधी गेलं ते त्याला कळलंच नाही.

पायथ्याला तो थांबला. सगळे धावत खाली आले. नीतूनं त्याला मिठीच मारली, हेल्मेटसकट. बाप घामानं निथळत होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

"काही लागलं का बाबा? बोला ना!"

"पाचव्या वळनावर मुरूम थोडा जास्त आहे," देवचंद म्हणाला. "तो काढतो. अन् मंग पुन्हा एकदा जातो."

गोवर्धन पोट धरून हसला. "होऊ द्या उद्या," तो म्हणाला आणि मोटरसायकलला लाथ मारली.

रविवारी झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली, आणि दहा वाजता एकतीस सायकली टेकडीच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. नागपूरचे, रायपूरचे, गोंदियाचे. अख्खं गाव पायथ्याला जमलं होतं. देवचंद सातव्या वळणाशी उभा होता आणि खाली येणारी हेल्मेटं मोजत होता. पाच. अकरा. एकोणीस. पोरं शिट्ट्या मारत होती, म्हातारे काठ्या आपटत होते. एक जण दुसऱ्या वळणावर घसरला, उठला, माती झटकून पुन्हा निघाला आणि गावानं त्याच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

एकतिसावं हेल्मेट आलं नाही.

दोन मिनिटं गेली. टाळ्या थांबल्या. गोवर्धननं देवचंदकडे बघितलं आणि देवचंदनं वर. नीतू, जी तिसावी आली होती, सायकल टाकून उताराकडे पळत सुटली. कोणत्या वळणावर? कोणती पाळ? देवचंदनं मनात सातही पाळी चाचपून पाहिल्या.

मग वरून घंटीसारखा एक आवाज आला. कोणी तरी गात होतं. लाल हेल्मेट घातलेल्या गोंदियाच्या दुर्गेश्वरी बाई, वय वर्षं चोपन्न, शाळेत गणित शिकवणाऱ्या, आरामात एकेक वळण घेत खाली आल्या आणि सगळं गाव आपल्याकडे का बघतंय हे त्यांना कळेना.

"अरे, काय झालं? ऊपरसे तुमचा तलाव इतका सुंदर दिसतो भई, मी तर फोटो काढत बसले!"

गावानं जो जल्लोष केला तो तलावापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला. बाजावाल्या घनश्यामनं झेंडावंदनासाठी आणलेला ढोल उचलला आणि बडवायला सुरुवात केली. गजेंद्रनं बहिणीला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघं मिळून पडले. कुंदाबाईनं दुर्गेश्वरी बाईंना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि रागानं वाढावं तसं त्यांच्या ताटात लाखोळीच्या डाळीचे वडे वाढले. देवचंद बाजूला जाऊन मोहाच्या झाडाला टेकला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायची त्याची तयारी नव्हती.

दोन वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. इतकी माणसं ग्रामसभेला खैरटोल्यात कधी आली नव्हती. गोवर्धननं शब्द पाळला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "टेकडी मुरमाले द्यायची नाही. नीतू देवचंद कापगते हिले सायकलीच्या वाटेसाठी द्यायची. कोनाचा इरोध?"

कोणाचा नव्हता.

"तं मंग मुदत. तीन वर्षं लिहू. ग्रामसेवकसाहेब, लिहा. तीन..."

"थांबा गा."

सगळ्या माना वळल्या. मागच्या रांगेत देवचंद उभा होता. चाळीस वर्षांत ग्रामसभेत तो फक्त पाण्याच्या पाळ्या वाचून दाखवायला उभा राहिला होता. स्वतःसाठी त्यानं गावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"तीन वर्षांनं काय होते?" तो म्हणाला. "पोरगी माही आत्ता कुठं घरी आली. मले ती घरी पाहिजे. तिले हे आजवर सांगलो नाही, आता सगळ्यांच्या समोर सांगतो. दहा लिहा."

बायकांच्या रांगेत नीतूनं तोंडावर ओढणी धरली आणि कुंदाबाईनं तिला जवळ ओढलं. गोवर्धननं ग्रामसेवकाला खूण केली. ग्रामसेवकानं तीन खोडला, दहा लिहिलं आणि सही करायला वही नीतूकडे पुढं सरकवली.